खोगीर

माझा अंगठा आतल्या बाजूला वाकवला की सरळ हाताला जाऊन टेकतो. दोन्ही हातांचे टेकतात. करंगळ्या मागे नेल्या की काटकोनाच्याही पलीकडे जातात. लहानपणी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात गणपतीची आरती झाली, खिरापत वाटून झाली, की काका-मामांपैकी कुणीतरी म्हणायचं, "अगं, ते तुझं बोटांचं दाखव." मी दाखवायचे. मोठी माणसं हसायची, माझ्या वयाची मुलं आपापली बोटं वाकवून बघायची आणि कळवळून सोडून द्यायची. त्याच बोटांना पाण्याने भरलेली बादली पेलत नसे. तेव्हा कुणी हसायचं नाही, तेव्हा शब्द वेगळे असायचे. नाजूक. आळशी. कामचुकार.

गुडघा जिन्यात सटकायचा. खांदा एकदा झोपेत कूस बदलताना निघाला. एका डॉक्टरांनी सांगितलं, वाढतं वय आहे. दुसऱ्यांनी सांगितलं, लग्न झालं की अंगात बळ येईल. एक्केचाळिसाव्या वर्षी, ऑफिसात वरच्या रॅकवरची फाइल काढताना खांदा तिसऱ्यांदा निखळला, तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला समोर उभं करून तेच सगळं करायला लावलं जे मी गणपतीत करायचे. करंगळ्या, अंगठे, मग कोपरं, गुडघे, आणि शेवटी पाय ताठ ठेवून तळहात जमिनीला टेकवणं. या मोजणीला बायटन स्कोअर म्हणतात. एकूण गुण ९, मला ७ मिळाले. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाने आपले सांधे, कातडी, शिरा बांधलेल्या असतात आणि माझ्यात ती वीण जन्मापासूनच सैल आहे, हे त्यांनी माझ्याच केसपेपरच्या मागे रेघा ओढून दाखवलं. रिक्षात बसल्यापासून घर येईपर्यंत मी रडत होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की ही पोरगी खोटं बोलत नव्हती.

एवढं सगळं आधी सांगितलं, कारण त्याशिवाय एका कादंबरीबद्दल मला काय वाटतं ते सांगताच येणार नाही.

पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारी माझी भाची गेल्या गणपतीत घरी आली होती. जाताना एक जाडजूड पुस्तक माझ्या उशाशी ठेवून गेली. रिबेका यारोस यांचं 'फोर्थ विंग'. २०२३च्या मे महिन्यात ते आलं आणि तेव्हापासून तिच्या वयाच्या मुली ते झपाटल्यासारख्या वाचताहेत. याच मालिकेचा तिसरा भाग २०२५च्या जानेवारीत आला, तेव्हा पहिल्या आठवड्यातच २७ लाखांवर प्रती खपल्या. ड्रॅगन आहेत, युद्धाचं शिक्षण देणारं विद्यालय आहे आणि प्रेम आहे, एवढंच मला ऐकून माहीत होतं. माझं वाचन म्हणजे दिवाळी अंक, चरित्रं, प्रवासवर्णनं. मी पुस्तक बाजूला सारलं असतं, पण पोरगी दारातून वळून म्हणाली, "मावशी, पहिला चॅप्टर वाच फक्त. मग बोलू."

पहिल्या प्रकरणात एक मुलगी जिना चढते.

व्हायलेट सोरेनगेल, वय वीस. पाठीवर जड पिशवी आणि समोर आईच्या कचेरीपर्यंतच्या पायऱ्या. तिला लेखनिकांच्या शाखेत जायचं आहे, ग्रंथांमध्ये राहायचं आहे, तिचे वडील तेच करायचे. वडील आता नाहीत. आई सेनापती आहे आणि तिचा हुकूम असा की सोरेनगेलच्या घरातली मुलं ड्रॅगनस्वारच होतात, हीसुद्धा होईल. जिथे जायचं तिथे पहिल्याच दिवसापासून मुलं मरतात. आणि या मुलीचे सांधे निखळतात, हाडं पटकन मोडतात. ती गुडघ्यांना पट्ट्या गुंडाळून वावरते.

क्रेप बँडेज गुडघ्याला बांधायचं तर ते पोटरीच्या वरच्या टोकापासून सुरू करावं लागतं. पहिले दोन वेढे सैल, मग वाटीच्या खालून तिरपा घट्ट वेढा, मग वरून, आणि मागच्या खळग्यात घडी येता कामा नये, नाहीतर दुपारपर्यंत तिथे लाल वळ उठतो. हे मला झोपेतही जमतं. कादंबरीतली नायिका तसं काही करताना मी त्याआधी कुठेच वाचली नव्हती. आमच्या नायिका क्षयाने खंगतात, बाळंतपणात जातात, विहिरीत उडी घेतात. रोज उठून गुडघा बांधून कामाला लागणारी नायिका मला सत्तेचाळिसाव्या वर्षी भेटली, आणि तीही ड्रॅगनच्या पुस्तकात.

आजाराचं नाव पुस्तकात येत नाही. त्या जगात ते नावच नसावं. पण लेखिकेने जाहीरपणे सांगितलंय की तिला स्वतःला एलर्स-डॅनलॉस सिंड्रोम, म्हणजे कोलॅजेनची तीच जन्मापासूनची सैल वीण, आहे आणि व्हायलेटलाही तिने तेच दिलं आहे. हे मी पुष्कळ नंतर वाचलं. मला जिन्यावरच कळलं होतं.

ड्रॅगनस्वारांच्या शाखेत शिरायचं तर एक पूल ओलांडावा लागतो. एका वेळी एकच माणूस चालेल एवढा अरुंद, दगडी, कठड्याशिवायचा. खाली खोल दरी. त्या दिवशी वारा आणि पाऊस. रांगेत उभी असताना व्हायलेटला दिसतं की शेजारच्या अनोळखी मुलीच्या बुटांचे तळ गुळगुळीत आहेत, ही घसरणार. आणि ती तिच्याशी एक बूट बदलते. दोघींच्या एका पायात आपला, एका पायात दुसरीचा. मी इथे पुस्तक मिटून थोडा वेळ छातीशी धरून बसले. मग ती पुलावर पाऊल टाकते आणि भीतीने मन सैरभैर होऊ नये म्हणून आपल्या देशाचा इतिहास-भूगोल घोकत जाते. प्रांत, सीमा, तह. अंधारात आपण रामरक्षा म्हणत चालतो, तशी.

ग्वाल्हेरात राहणाऱ्याला असा पूल कल्पनेने उभा करावा लागत नाही. बाजारात भाजी घेताना मान वर केली की किल्ल्याची भिंत दिसते. सातवीत आमची सहल किल्ल्यावर गेली होती. पायथ्याशी गुजरी महाल, तिथून हत्ती पोळ या दरवाज्यापर्यंत दगडी चढ. आईने बाईंच्या हातात चिठ्ठी दिली होती: हिला वर नेऊ नये. सगळा वर्ग वर गेला आणि मी गुजरी महालातल्या संग्रहालयात एका शिक्षिकेबरोबर बसून राहिले, हात तुटलेल्या, नाक झिजलेल्या मूर्तींच्या मधोमध. मुली उतरल्या त्या बदकांबद्दल बोलत. राजा मानसिंह तोमरच्या महालाच्या भिंतीवर निळ्या फरशांमध्ये पिवळ्या बदकांची रांग आहे. ती बदकं मी पाहिली ती थेट तिसाव्या वर्षी, उरवाईच्या बाजूने गाडीत बसून वर जाऊन. छान आहेत. पण मुली त्या संध्याकाळी ज्या तोंडाने बोलत होत्या, तशी ती मला कधीच दिसायची नाहीत.

ती चिठ्ठी मला आठवली डेनमुळे. डेन हा व्हायलेटचा बालमित्र, एक वर्ष पुढे असलेला. मुलगा वाईट नाही. त्याचा जीव आहे तिच्यावर. ती आत आल्यापासून तो एकच गोष्ट सांगतो: तू इथे टिकणार नाहीस, मी तुला गुपचूप लेखनिकांच्या शाखेत पोचवतो. काळजीने सांगतो, पुनःपुन्हा सांगतो, आणि दर वेळी ती थोडी लहान होत जाते. माझी भाची फोनवर म्हणाली, "मला डेनचा इतका राग येतो ना!" मला राग आला नाही. मला तो फार ओळखीचा वाटला. माझ्या आयुष्यात असे डेन पुष्कळ होते आणि सगळे माझ्यावर माया करणारे होते. तू बस गं. तू राहू दे. मेळ्यात पाळण्यात नको, सायकल नको, पोहणं तर नकोच. अशा मायेशी भांडता येत नाही. नुसतं हळूहळू बसायची सवय होते.

दुसरा मुलगा झेडन. याच्या बापाने बंड केलं म्हणून राज्याने त्याला मारलं, आणि ते बंड मोडलं व्हायलेटच्या आईने. त्यामुळे झेडनने तिचा जीव घ्यावा अशीच सगळ्यांची अपेक्षा. अर्थातच पुढे त्यांचं प्रेम जमतं, त्यात गुपित काही नाही, या प्रकारच्या कादंबऱ्यांत ते पहिल्या भेटीतच ठरलेलं असतं. त्याचं सावळं देखणेपण, त्याच्या ताब्यातल्या सावल्या, दोघांचे श्वास, हे सगळं लेखिकेने भरपूर लिहिलंय, जरा जास्तच वेळा लिहिलंय, आणि तरी मी एक ओळ गाळली नाही. रात्री अडीच वाजता उशीला टेकून, खांद्याखाली दुमडलेली शाल घेऊन, मी ते सगळं वाचलं. पण मला झेडन आवडला तो दुसऱ्याच कारणाने. तिला मारायला टपलेल्या जगात तो तिला एकदाही 'तू बस' म्हणत नाही. ऊठ म्हणतो. सुरा असा धर म्हणतो.

पुस्तकातलं सगळंच मला पटलं असं नाही. ज्या देशाला सीमेवर स्वारांची एवढी गरज आहे, तो देश आपलीच पोरं अशी पुलावरून खाली पडू देतो, एकमेकांना मारू देतो, हे मला शेवटपर्यंत पचलं नाही. काही मरणं इतकी झटपट येतात की त्या मुलांची नावं लक्षात राहायला वेळच मिळत नाही. पण व्हायलेट ज्या रीतीने जगून दाखवते ती रीत मला खरी वाटली. अंगात बळ नाही म्हणून ती बळाचं सोंग आणत नाही. कोणत्या वनस्पतीने माणसाला किती वेळ मळमळेल हे तिला पुस्तकांतून ठाऊक आहे, ते ती वापरते. अडथळ्यांच्या शर्यतीत शेवटचा चढ तिच्याने होत नाही, तिथे ती दोराचा आणि आपल्या सुऱ्याचा आधार घेते, आणि हरकत घेणाऱ्यांना नियमावलीतलाच नियम काढून दाखवते. माझ्या स्वयंपाकघरात बरणीचं झाकण उघडायला रबराचा तुकडा टांगलेला असतो. तो पाहून एक बाई म्हणाल्या होत्या, "एवढंही होत नाही का?" त्यांना आता मी व्हायलेटचं पुस्तक द्यावं म्हणते.

ऑक्टोबरपासून मी ही गोष्ट आईला सांगायला लागले. आई एकोणऐंशी वर्षांची आहे, डोळ्यांनी वाचवत नाही. दुपारी चहाच्या आधी तास-दीड तास आम्ही दोघीच असतो. पहिली अडचण ड्रॅगनची. हा काय प्राणी, ते मराठीत सांगायचं कसं? मी म्हटलं, सरडा समज, पण देवळाएवढा, पंख असलेला, तोंडातून आग काढणारा. आईने थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे पंख फुटलेली यशवंती." तानाजीची घोरपड! मला इतका आनंद झाला. कोंढाण्याच्या कड्यावर चढलेल्या घोरपडीला आईने एका वाक्यात पंख लावून दिले. त्या दिवसापासून आमच्या घरात व्हायलेटचा टेर्न हा ड्रॅगन नाही, तो "तो काळा यशवंतीवाला" आहे.

दुसरी अडचण सेनापती आईची. "आईनेच ढकललं तिला? अन् ती गिरली असती तर?" ग्वाल्हेरची मराठी अशीच आहे, आमच्याकडे माणूस पडत नाही, गिरतो, पुण्याची भाची दर खेपेला हसते. आई त्या बाईवर फार संतापली. कसली आई ही, म्हणाली. मी काही बोलले नाही. माझ्या डोक्यात ती सातवीतली चिठ्ठी होती. एक आई पुलावर लोटते, एक आई पायथ्याशी बसवून ठेवते, आणि मला त्या क्षणी दोघींमधली कुठली बरी ते सांगता आलं नसतं.

ड्रॅगन माणसाला निवडतो, माणूस ड्रॅगनला नाही, हे मात्र आईला लगेच पटलं. जंगलातल्या त्या निवडीच्या दिवशी तिघेजण एका छोट्याशा सोनेरी ड्रॅगनला मारायला निघतात आणि व्हायलेट, जिला नीट उभंही राहवत नाही, ती मध्ये उभी राहते. ते टेर्न पाहतो. त्याचा आधीचा स्वार मेलेला, पुन्हा कुणाला पाठीवर घ्यायचं नाही असं ठरवून बसलेला तो. तो हिला निवडतो. मागाहून ती छोटी अँडार्नाही निवडते. एका स्वाराला दोन ड्रॅगन, असं कधी झालेलं नसतं. आणि एकदा बंध जुळला की ड्रॅगन मेला तर स्वारही मरतो. हे ऐकून आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "राणीचा घोडा नवा होता ना."

ग्वाल्हेरात नुसतं राणी म्हटलं तरी कुणाचं बोलणं चाललंय ते कळतं. फुलबागेत तिची समाधी आहे. जून १८५८मध्ये ती याच शहरात पडली आणि इथलं प्रत्येक मूल ती गोष्ट ऐकतच मोठं होतं: जुना घोडा गेलेला, नवा घोडा नाल्यापाशी आला आणि अडला. आता दर जूनमध्ये तिथे मेळा भरतो, लहानपणी आई मला नुसती समाधीवर न्यायची. मी त्या गोष्टीत नेहमी राणीचा विचार केला होता. आईने घोड्याचा केला होता. "त्याला तिची सवय नव्हती गं," म्हणाली, "त्याचा काय दोष."

दुसऱ्या भागाच्या शेवटी काय होतं ते आता सांगणार आहे, ज्यांना वाचायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. देशाला राखणारी एक शिळा जागी करायची असते, त्यासाठी कुणाचा तरी जीव जाणार असतो, व्हायलेट तयार असते. आणि ती सेनापती आई लेकीच्या जागी स्वतःचा जीव देते. मला वाटलं होतं आई म्हणेल, बघ, शेवटी आईच ती. तसं काही ती म्हणाली नाही. "तिला आधी बोलता आलं असतं एकदा पोरीशी," एवढंच म्हणाली आणि उठून गॅसवर चहाचं आधण ठेवलं.

खोगिराची गोष्ट त्याच्या बरीच आधीची. मी ती मुद्दाम मागे ठेवली होती.

बाकीचे स्वार ड्रॅगनवर मांड्यांच्या जोरावर बसतात. व्हायलेटच्या मांड्यांत तो जोर नाही. ती पडते आणि टेर्न खाली झेपावून तिला उचलतो, पुन्हा पडते, पुन्हा उचलतो. शेवटी त्याला स्वतःची शक्ती खर्चून तिला पाठीवर धरून ठेवावं लागतं. आणि मग झेडन तिच्यासाठी खोगीर करवून आणतो. स्वारांच्या त्या जगात खोगीर लागणं म्हणजे कमीपणा. तो मात्र मापं घेऊन ते बनवतो. म्हणजे तिला कुणी धरायला नको, तिचं तिला बसता येईल.

कादंबरीतला पहिला चुंबनाचा प्रसंग मी भाचीला फोन करून ऐकवला होता, पण खोगिराबद्दल मी कुणाशीच बोलले नाही. चार दिवस मनात घेऊन हिंडले. पाचव्या दिवशी आईला सांगितलं. ती मेथी निवडत बसली होती. खोगीर शब्द तिला कळला, पण म्हणाली, "जीन म्हण ना. आपल्याकडे जीनच म्हणायचे." मी जीन म्हटलं आणि म्हणता म्हणता मला आमच्या वाड्याचा जिना आठवला. अंधारा, उभा, एकेक पायरी हातभर उंच. तो वाडा कधीच विकला, आता आम्ही लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये राहतो. जिन्याच्या मधोमध वरून एक दोर लोंबत असे, त्याला धरून चढायचं. दोराला ठरावीक अंतरावर गाठी होत्या. माझा तळवा गाठीवर अडकायचा, मग पुढचं पाऊल, मग पुढची गाठ.

"आई, सगळ्याच वाड्यांत असायच्या का गं दोराला गाठी?"

आईने मेथीतून डोकं वर काढलं. "गाठी कशाला असतील? नुसता दोर असायचा. विहिरीवरचा जुना दोर टांगत. गाठी मी मारल्या. तुझ्या बोटांतून सरकायचा तो."

मी काही विचारायच्या आतच तिने उजवी मूठ हवेत धरली, तिच्यावर डावी, पुन्हा तिच्यावर उजवी. "असं तुला पायरीवर उभं करायचे. तुझा हात जिथे पोचेल तिथे भिंतीला खडूने खूण. दर दिवाळीला सोडून परत मारायचे, तू वाढायचीस ना. जुनी गाठ सुटायची नाही, रात्रभर भिजवून ठेवावी लागे. नखं दुखायची."

दर दिवाळीला. मी दहावीपर्यंत त्या जिन्याने चढले.

"तू कधी सांगितलं नाहीस."

"त्यात सांगायचं काय?" तिने मेथीची जुडी पुन्हा पुढ्यात ओढली. काड्या एकीकडे, पानं एकीकडे. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या जीनला पट्टा असेल ना? मांडीला बांधायचा?"

"असणारच."

"रुंद हवा," आई म्हणाली. "अरुंद असला तर काचतो."